मला आडवी ठेवा

मी एक जुनी बाटली आहे, मित्रांनो. अंगाने गडद हिरवी, खांद्याला उतरती आणि बुडाशी आत दबलेली. आज मी करंजाड्याच्या गुणाबाईच्या घरात चुलीशेजारच्या फळीवर रॉकेल पोटात घेऊन उभी आहे. माझ्या तोंडात बूच नाही, चिंधीचा बोळा आहे. मला बघून कुणाला खरं वाटणार नाही, पण एके काळी पनवेलच्या बाजारात माझ्याइतकी देखणी वस्तू दुसरी नव्हती. एक माणूस तर दर शुक्रवारी माझ्यासमोर उभा राहून मला वाचत असे. हसू नका. माझ्या अंगावर तेव्हा लेबल होतं.

माझा जन्म समुद्रापलीकडे, काचेच्या एका भट्टीत झाला. तिथून मला पॅलेस्टाइनमधल्या एका द्राक्षमळ्यात नेलं. तिथे माझ्या पोटात तांबडी वाईन भरली, तोंडात बूच ठोकलं आणि छातीवर लेबल डकवलं. लेबलावर एका बाजूला इंग्रजी होतं आणि दुसऱ्या बाजूला उजवीकडून डावीकडे वाचायची चौकोनी हिब्रू अक्षरं होती. आमची वाईन काही राजेरजवाड्यांच्या ताटाशेजारी बसणारी नव्हती. साध्या माणसाला सणासुदीला परवडावी आणि तरी प्याल्यावर बरं वाटावं, एवढीच तिची प्रतिज्ञा होती. ती तिने पाळलीही असती.

माझं पथ्य एकच होतं. मला आडवी ठेवायची. आडवी ठेवली की वाईन बुचाला टेकून राहते, बूच ओलं राहतं, फुगून गच्च बसतं आणि आत वारा शिरत नाही. उभी ठेवली की बूच सुकतं, आकसतं, बारीक बारीक वारा आत जातो आणि गोड वाईन आंबत जाते. शिवाय ऊन नको आणि ऊब नको. एवढं सांभाळलं तर मी वर्षानुवर्षं टिकते. पण मित्रांनो, बाटलीला तोंड असलं तरी वाचा नसते, आणि माझी सगळी कहाणी या एका वाक्यात आली.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या थोडं आधी आम्ही बहिणी-बहिणी एका खोक्यात घालून बोटीने मुंबईला आलो आणि तिथून लाँचने पनवेल बंदरात उतरलो. मुंबई-पुणे रस्त्यावर बाजाराच्या तोंडाशी पेस्तनजी नावाच्या पारशाचं दुकान होतं. पुण्याला जाणाऱ्या मोटारी तिथे थांबत. साहेब लोक सोडा पीत, बिस्किटं घेत आणि जाताना एखादी बाटली काखेत मारत. पेस्तनजी जाणता माणूस होता. त्याने आम्हांला मागच्या अंधाऱ्या खोलीत पेंढ्यावर आडवं निजवलं. माझ्या बहिणी एकेक करून मोटारीतून निघून गेल्या. मी तळाशी होते, म्हणून राहिले. तेव्हा मला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण निजायला मिळत होतं.

लढाई पेटली, माल यायचा बंद झाला आणि म्हातारपणी पेस्तनजीला मुलाने मुंबईला बोलावून घेतलं. दुकान त्याने आपल्या गुमास्त्याला, जगनला दिलं. जाताना त्याने जगनला सगळं समजावलं. कुठल्या गिऱ्हाइकाला बर्फ चालत नाही, मांजराला दूध किती वाजता लागतं, गल्ल्याचं कुलूप कसं अडतं, सगळं. फक्त माझ्याबद्दल बोलला नाही. जी गोष्ट आपण रोज करतो ती दुसऱ्याला सांगावी लागते, हे माणसाच्या ध्यानातच येत नाही.

जगनशेट सज्जन होता. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. दारूला तो शिवत नसे. दुकानाबरोबर पदरात आली म्हणूनच तो मला सांभाळत होता, आणि सांभाळायचं म्हणजे नीट सांभाळायचं हा त्याचा बाणा होता. मागची खोली झाडताना त्याला पेंढ्यात मी दिसले. तो हळहळून म्हणाला, "पडली की बिचारी." मराठी घरात आडवी बाटली म्हणजे सांडलेली बाटली. तिला ताबडतोब उभी करायची, हे लहानपणापासून हाताला लागलेलं वळण. जगनने मला उभी केली, फडक्याने पुसली आणि दर्शनी काचेच्या कपाटात अगदी मधोमध ठेवली.

कपाट पश्चिमेला तोंड करून होतं. दुपार कलली की ऊन थेट माझ्या अंगावर येई आणि मागच्या भिंतीवर तांबडा डाग पडे. रस्त्याने जाणारे बघत राहत. जगनला त्याचं फार कौतुक होतं. तो रोज सकाळी माळेला हात लावून, फडकं मध्ये धरून मला पुसत असे. दसऱ्याला तराजूबरोबर मलाही झेंडूचं फूल मिळे. इतकं प्रेम कुणा बाटलीला मिळालं नसेल. आणि त्या प्रेमाने माझं बूच दिवसेंदिवस सुकत होतं.

त्याच दिवसांत हसाजी आपटेकर माझ्यासमोर पहिल्यांदा उभा राहिला. इस्रायल तळ्याच्या बाजूला त्याचं घर आणि तेलाचा घाणा होता. त्याच्या जातीच्या, म्हणजे कोकणातल्या यहुदी लोकांना आपल्याकडे शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत सगळी कामं उरकायची, दिवा लावायचा आणि शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, पाळायचा. सिनेगॉगला, म्हणजे त्यांच्या प्रार्थनाघराला, जाता जाता त्याची नजर कपाटाकडे गेली आणि तो थबकला. बोट काचेवर टेकवून तो उजवीकडून डावीकडे वाचायला लागला. वेलीचं फळ. दर शुक्रवारी पेला हातात धरून तो जी प्रार्थना म्हणायचा, तिच्यातलेच ते शब्द होते.

जगनला त्याने सारं सांगितलं, म्हणून मलाही कळलं. त्याच्या लोकांत शब्बाथला आणि लग्नाला द्राक्षाच्या वाईनवर आशीर्वाद मागायचा असतो. पण कोकणात द्राक्षाची वेल कुठली? म्हणून त्यांच्या वाडवडिलांनी तोड काढली. काळ्या मनुका आदल्या दिवशी पाण्यात भिजत घालायच्या, कुस्करायच्या, गाळायच्या आणि ते सरबत पेल्यात घ्यायचं. देव समजून घेतो. हसाजीही तेवढ्यावर खूष होता. पण पहिल्या लढाईत तो पलटणीबरोबर बसऱ्याला गेला होता. तिथल्या एका यहुदी घराने त्याला आपला म्हणून शुक्रवारी जेवायला बोलावलं आणि खऱ्या वाईनचा पेला हातात दिला. परक्या मुलखात, आईबापांपासून लांब, त्या एका घोटाने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून त्याच्या मनाने घेतलं होतं, की आपल्या घरच्या एखाद्या मंगल कार्याला खरी वाईन असावी. महाग नको, पण खरी आणि चांगली हवी.

त्याने भाव विचारला. जगनने सांगितला. हसाजीने मान हलवली आणि पुढे गेला. तेलाच्या घाण्यात तेवढं तेल निघत नव्हतं.

पण पुढच्या शुक्रवारी तो पुन्हा आला, आणि या खेपेला त्याच्याबरोबर त्याची मुलगी होती. तिचं नाव लेया. एकुलती एक, उशिरा झालेली, बापाचं बोट न सोडणारी. तिने काचेला नाक लावून विचारलं, "बाबा, ही आपली कधी होणार?"

"तुझ्या लग्नात," हसाजी म्हणाला.

मित्रांनो, त्या दिवशी मी आतून पुरती चांगली होते. त्या क्षणी कुणी मला उचलून अंधारात आडवी निजवली असती, तर मी त्या मुलीच्या लग्नापर्यंत डोळ्यांत तेल घालून वाईन राखली असती. मी तिथे उभी राहून ऐकत होते आणि काही करू शकत नव्हते.

वर्षं गेली. लेया परकरातून साडीत आली. हसाजी शुक्रवार चुकवत नसे. भाव मात्र उतरण्याऐवजी चढत होता. जगनने कुणाकडून तरी ऐकलं होतं की दारू जितकी मुरेल तितकी चांगली. जुनं ते सोनं, असं तो गिऱ्हाइकांना सांगे आणि दर दिवाळीला माझी किंमत थोडी वाढवी. माझी किंमत वर जात होती आणि माझी वाईन खाली. पहिल्यांदा तिचा सुगंध गेला. मग गोडी गेली. मग एका चैत्रात, पत्रा तापून कपाटात भट्टी झाली तेव्हा, आत काहीतरी फिरलं ते फिरलंच. दुधात लिंबाचा थेंब पडावा तसं झालं.

माझ्याकडून मी खुणा केल्या. बुचाच्या कडेने एक ओघळ बाहेर सोडला. त्यावर चिलटं जमली. कुणीही ओळखावं की आत आंबलंय. पण जगनने कपाटात नीट झाडून काढलं आणि चिलटं जावीत म्हणून माझ्यापुढे उदाचा निखारा ठेवला. मला आणखी ऊब मिळाली. तो मनापासून सगळं करत होता हो. त्यामुळे त्याच्यावर रागावताही येत नव्हतं.

मग देश स्वतंत्र झाला आणि दारूबंदी येणार अशी बोलवा उठली. आज येणार, उद्या येणार, दुकानात बाटली सापडली तर पोलिस धरणार. जगनची गाळण उडाली. आयुष्यभर थेंबाला न शिवता दारूपायी तुरुंगात जायचं म्हणजे करून गेला गाव आणि भलत्याचं नाव. त्याच आठवड्यात लेयाचं लग्न पेणच्या एका चांगल्या मुलाशी ठरलं. शुक्रवारी हसाजी आला तेव्हा जगननेच त्याला आत बोलावलं आणि मला मोडीच्या भावात देऊ केलं. हसाजीला आपल्या कानांवर विश्वास बसेना. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. वाईन खरी, वाईन जुनी, आणि वर परवडणारी. त्याने मला उपरण्यात गुंडाळलं आणि छातीशी धरून घरी नेलं. त्याच्या छातीचे ठोके मला काचेतून ऐकू येत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

घरी त्याची बायको रिबकाबाई दारातच उभी होती. तिने मला हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि एवढ्याशा बाटलीसाठी माणूस एवढा खुळा होतो का, असं विचारलं. पण तीही हसत होती. मला कुठे ठेवायचं यावर दोघांची चर्चा झाली. आता तेल्याच्या घरात बाटली कशी ठेवतात, हे सांगायला नको. तेलाची बाटली आडवी झाली की दिवसाची कमाई भुईवर जाते. त्यांनी मला घरातल्या सगळ्यांत मानाच्या जागी, शब्बाथच्या दिव्याशेजारच्या कोनाड्यात ठेवलं. अर्थात उभी.

लग्नाच्या आदल्या दिवशी मेंदी झाली, देवापुढे गोड पोह्यांचा मलिदा झाला, आळीतल्या बायकांनी गाणी म्हटली. दारावर भाजी विकणारी गुणाबाई करंजाड्याहून तोंडली-शिराळ्यांची पाटी घेऊन आली आणि कामाला राहिली. रिबकाबाईने सवयीने एका पातेल्यात काळ्या मनुका भिजत घातल्या. हसाजीला ते आवडलं नाही. खरी वाईन असताना याची गरज काय, असं त्याने विचारलं. असू दे, मुलंबाळं पितील, असं म्हणून तिने पातेल्यावर झाकण ठेवलं.

सकाळी हसाजी मला घेऊन स्वयंपाकघरात आला. बूच काढायचा स्क्रू घरात कुठला असणार? त्याने सुरीच्या टोकाने प्रयत्न केला. माझं बूच इतकं सुकलं होतं की त्याचा भुगा झाला. उरलेला तुकडा त्याने अंगठ्याने आत लोटला. आणि वास बाहेर आला.

रिबकाबाईने खरी वाईन कधी बघितली नव्हती. तिला वाटलं, वाईनचा वास असाच असेल. ती म्हणाली, जरा उग्र आहे, नाही? पण हसाजी बसऱ्याचा पेला विसरला नव्हता. त्याने थोडी वाईन वाटीत ओतली, बोट बुडवून जिभेला लावलं आणि वाटी खाली ठेवली. बाहेर अंगणात बायका हसत होत्या, कुणीतरी लेयाच्या वेणीसाठी जाई मागत होतं.

"शिरका झालाय," शेवटी तो म्हणाला.

रिबकाबाईने वाटीत बोट घातलं, चाखलं आणि डोळे मिटले. लोणच्यात घालतात तो शिरका. त्याहून जास्त काही नाही.

"एवढी वर्षं," हसाजी म्हणाला. "दर शुक्रवारी. आळीत सगळ्यांना सांगून बसलोय गं मी. प्रार्थना सांगणाऱ्या हजानलासुद्धा. लेयाला काय सांगू?"

मित्रांनो, मी त्याच्या हातात होते. मला ओरडून सांगायचं होतं की यात तुझी चूक नाही, माझी नाही, कुणाचीच नाही, फक्त कुणीतरी मला आडवी ठेवायला हवी होती. पण उघड्या तोंडातून माझ्याकडून आंबट वासाशिवाय काही बाहेर पडलं नाही.

रिबकाबाईने मला त्याच्या हातातून घेतलं आणि माझ्यातलं सगळं चिनीमातीच्या बरणीत ओतलं, कारण शिरका तरी का फुकट घालवायचा? मला दोनदा विसळलं. मग भिजलेल्या मनुका कुस्करल्या, पातळ फडक्यातून गाळल्या आणि ते तांबूस-काळं सरबत नरसाळ्याने माझ्यात भरलं. गळ्यापर्यंत. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळला नसता. लेबल पदराने पुसून तिने मला नवऱ्याच्या हातात परत दिलं.

"जा, घेऊन जा," ती म्हणाली. "देवाला काय आपण फसवणार आहोत? त्याला आपलं सरबत ओळखीचं आहे."

सिनेगॉगमध्ये हसाजीने सगळ्यांसमोर मला उंच धरलं तेव्हा माणसं माना उंचावून बघत होती. मागून कुणीतरी म्हणालं, ही बघा खरी वाईन. हजानने चांदीचा पेला पुढे केला. हसाजीने माझ्यातून ओतलं, आणि एक थेंब पांढऱ्या फडक्यावर पडला. हजानने तीच प्रार्थना म्हटली, वेलीच्या फळाची. नवऱ्यामुलाने घोट घेतला आणि पेला लेयाच्या ओठांशी नेला.

लेयाने घोट घेतला आणि डोळे वर करून बापाकडे बघितलं. ती चव तिने जन्मल्यापासून दर शुक्रवारी घेतली होती. आईने मनुकांत कधी किंचित वेलदोडा टाकावा, तोही त्यात होता. हसाजी खाली मान घालून उभा होता. आता ही काय म्हणेल या भीतीने त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं, आणि मी त्याच्या काखेत, बुचाशिवाय, अर्धी रिकामी. आम्हां दोघांसारखे गरीब जीव त्या दिवशी पनवेलमध्ये दुसरे नसतील.

निघताना पेणच्या गाडीपाशी लेया बापाच्या गळ्यात पडली. सगळ्या मुली रडतात तशी तीही रडली. मग त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "बाबा, वाईन आईच्या हातची होती."

हसाजीने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"कुणाला सांगू नका," ती म्हणाली. "यापेक्षा चांगली मला कुठे मिळणार होती?"

त्यानंतरची वर्षं माझी खरी कामाची. रिबकाबाई दर शुक्रवारी सरबत गाळून माझ्यात भरी आणि हसाजी माझ्यातून पेल्यात ओती. वाईन राखण्यासाठी जन्मलेली मी मनुकांच्या पाण्याला लागले, पण मान होता, दिवा होता, प्रार्थना होती. मी समाधानी होते, असं म्हटलं तरी चालेल.

मध्ये एकदा जगनशेट घरी आला. चेहरा उतरलेला. पुण्याला जाता जाता पेस्तनजीची मोटार दुकानाशी थांबली होती. जगनने मोठ्या अभिमानाने सांगितलं, की तुमची शेवटची बाटली मी किती निगुतीने सांभाळली, रोज पुसली, उन्हात मधोमध उभी ठेवली. म्हाताऱ्याने कपाळाला हात लावला आणि आडव्या-उभ्याचं सगळं शास्त्र त्याला सांगितलं. तेव्हापासून जगनला अन्न गोड लागत नव्हतं. पोरीच्या लग्नात मी तुमचा घात केला, असं म्हणून तो डोक्याची टोपी काढून उभा राहिला.

"छे हो, जगनशेट," हसाजी म्हणाला. "वाईन फर्मास होती. हिला विचारा."

"अजून जिभेवर आहे," रिबकाबाई म्हणाली.

जगनने टोपी घातली. चहा घेऊन, हलका होऊन तो गेला. तो गेल्यावर हसाजी कोनाड्यात माझ्याकडे बघत बसला. नुसती आडवी ठेवायची होती, एवढंच तो पुटपुटला. रिबकाबाई म्हणाली, आपण तरी कुठे ठेवली? त्यावर तो हसला, आणि हसता हसता त्याने उपरण्याने डोळे पुसले.

मग आळीतली घरं एकेक करून रिकामी व्हायला लागली. समुद्रापलीकडे त्यांच्या लोकांचा देश उभा राहिला होता. आधी लेया आणि तिचा नवरा गेले. तिला मूल झालं, दुसरं झालं, आणि रिबकाबाईचा जीव इथे लागेना. शेवटी म्हाताऱ्यांनीही घाणा विकला. न्यायचं सामान बेताचंच होतं. चांदीचा पेला घेतला, विळी घेतली, मिरचीचं तिखट घेतलं. हसाजीने मला उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. हिला तिच्या गावी नेऊया का, असं त्याने विचारलं. रिबकाबाईने समजावलं, की काच वाटेत फुटेल, आणि तिथे अशा बाटल्या पायलीला पन्नास पडलेल्या असतील. तिचं बरोबर होतं. तरी ते ऐकताना मला फार एकटं वाटलं.

निघायच्या दिवशी गुणाबाई आली. रडून तिचे डोळे सुजले होते. हसाजीने मला फडक्यात गुंडाळून तिच्या पाटीत ठेवलं. शिराळ्यांच्या शेजारी, आडवी.

"गुणाबाई," तो म्हणाला, "ही बाटली आडवी ठेव. विसरू नको."

"नाय इसरणार, भाऊ," गुणाबाई म्हणाली. "तुमी नीट जा. तिकडं मासली मिलते का नाय, कोन जाने."

पेस्तनजीच्या पेंढ्यानंतर मी पहिल्यांदाच आडवी होते. बाजार, रस्ता, गाढी नदीचा काठ, सगळी वाट मी निजून, आभाळाकडे बघत गेले. रिकामी होते, राखायला आत काही नव्हतं, तरी इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! करंजाड्याला पोहोचल्यावर गुणाबाईने पाटी उतरवली, मला फडक्यातून काढलं आणि फळीवर अलगद आडवी ठेवली. मग दोन पावलं मागे जाऊन तिने बघितलं. तिला ते बरं दिसेना.

"आडवी बाटली घरान बरी नाय दिसत," ती स्वतःशीच म्हणाली. "भाऊ जाता जाता येडा झाला." आणि तिने पदराने डोळे पुसत, मायेने, मला उभी केली.

तेव्हापासून मी उभीच आहे. लेबल धुरात गेलं. हसाजी आता माझ्या गावी आहे आणि मी त्याच्या. तिथे त्याला हवी तेवढी खरी वाईन मिळत असेल, चांगली आणि परवडणारी. तरी मला खात्री आहे, रिबकाबाई शुक्रवारी मनुका भिजत घालत असणार. इकडे गुणाबाई दिवेलागणीला माझ्यातलं रॉकेल चिमणीत ओतते आणि दिवा लावते. आज शुक्रवार आहे का, हे तिला ठाऊक नसतं. मला असतं.

म्हणून मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. ज्याच्यावर तुमचं प्रेम आहे त्याला नुसतं पुसत बसू नका. त्याला काय हवं, हे ठाऊक असलेल्या एखाद्याला वेळेवर विचारा. आणि कुठे एखादी बाटली शांत आडवी निजलेली दिसली, तर घाईने उभी करू नका. मला मात्र आता आडवी करायला येऊ नका. रॉकेल सांडेल.